सज्ज्याकडे फेकलेला भाला : वुडी स्ट्रोडच्या भूमिकांविषयी

दलित साहित्याची चर्चा निघाली की अमेरिकेतील काळ्या माणसांच्या साहित्याचा उल्लेख होतोच. ते स्वाभाविकही आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव पुढे ठेवून. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. म्हणजे नाते जुने आहे. पण हे नाते आपण पुस्तकांपुरतेच ठेवले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे आपल्या परिसंवादांतून सतत येतात. काळ्या माणसाचे सर्वांत जास्त पाहिले गेलेले रूप मात्र पुस्तकात नव्हते. ते मैदानावर होते आणि पडद्यावर होते. ज्या समाजाने त्याला आपल्या खाणावळीत बसू दिले नाही, शाळेत शेजारी बसवून घेतले नाही, त्याच समाजाने तिकीट काढून त्याचे शरीर पाहिले. या पाहण्याचा अर्थ काय, हा प्रश्न दलित समीक्षेने अद्याप नीट हाताळलेला नाही. तो मला एका नटाच्या निमित्ताने हाताळायचा आहे. त्याचे नाव वुडी स्ट्रोड. आधी व्यावसायिक फुटबॉलपटू, मग नट.

येथे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांत खेळला जातो तो खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, समोरच्याच्या अंगावर झेपावून त्याला पाडण्याचा खेळ. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या, आणि तरीही दर सामन्याला कोणाचा तरी गुडघा निकामी होतो. स्ट्रोडचा जन्म २५ जुलै १९१४ चा, लॉस एंजेलिसचा. आईबापांनी नाव ठेवले वुड्रो विल्सन, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाचे. त्याच राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कर्मचाऱ्यांची बसण्याची जागा वेगळी करण्यात आली. आपल्याकडेही मुलांना मोठ्यांची नावे देण्याची हौस आहे. नाव आणि वाटा यांचा संबंध असतोच असे नाही.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या संघातून तो खेळला. १९३९ च्या त्या संघात केनी वॉशिंग्टन, जॅकी रॉबिन्सन, रे बार्टलेट आणि स्ट्रोड असे चार काळे खेळाडू होते. त्यांच्यापैकी वॉशिंग्टन त्या वर्षी देशातील सर्वांत पुढचा आक्रमक खेळाडू ठरला. पण राष्ट्रीय लीगच्या एकाही संघाने त्याला घेतले नाही. कारण १९३४ पासून त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. कुठे लिहिलेला नियम नव्हता. मालकांनी आपापसात समजून घेतलेली गोष्ट होती. लिहिलेल्या कायद्यापेक्षा न लिहिलेला करार किती पक्का असतो हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हा करार मोडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. १९४६ च्या आरंभी क्लीव्हलँडचा रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला आला. त्याला खेळायला हवे होते तेथील कोलिझियम. ते मैदान खाजगी नव्हते, सार्वजनिक होते. मैदान देण्याघेण्याच्या बैठकीत हॅली हार्डिंग नावाचा काळा पत्रकार उभा राहिला आणि त्याने सरळ विचारले की, काळ्या करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानात काळ्या खेळाडूला बंदी कशी चालेल? रॅम्सला उत्तर नव्हते. मार्चमध्ये त्यांनी केनी वॉशिंग्टनशी करार केला, मे महिन्यात स्ट्रोडशी. क्रीडा-इतिहासाच्या गोड पुस्तकांत अशा घटना एखाद्या भल्या मालकाच्या मोठ्या मनाच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. येथे मोठे मन कुठेच नव्हते. मालमत्ता कोणाची, हा प्रश्न होता. वाचकाला महाड आठवेल. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तसा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर प्रत्यक्ष जावे लागले. तळे सार्वजनिक होते म्हणूनच हक्काचा मुद्दा उभा राहिला. अमेरिकेतही तेच पुन्हा घडले. वॉशिंग्टन शहराच्या संघाचा मालक शेवटपर्यंत हट्टाने काळ्यांना घेत नव्हता. त्याचे नवे मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होते, १९६१ मध्ये सरकारने बजावले, आणि १९६२ मध्ये बॉबी मिचेल त्या संघातून खेळला. हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्यांनी या दोन तारखा वहीत लिहून ठेवाव्यात.

स्ट्रोडला घेतले ते मुख्यतः वॉशिंग्टनच्या सोबतीला. प्रवासात खोलीत दोघे राहतात, आणि काळ्याबरोबर कोणी गोरा राहणार नव्हता. तेव्हा दुसरा काळा पाहिजे. तेव्हा तो बत्तिशीला आला होता. एका हंगामात तो दहा सामने खेळला, त्यांत चार वेळा त्याच्या हाती चेंडू आला आणि सदतीस यार्ड अंतर त्याने तोडले. शिकागोत संघाच्या हॉटेलने या दोघांना घेतले नाही. पैसे हातावर ठेवून दुसरी जागा पाहा म्हणून सांगितले. हंगाम संपल्यावर रॅम्सने त्याला सोडले. तो कॅनडात गेला, कॅलगरीच्या संघातून खेळला आणि १९४८ मध्ये त्या संघाने तेथील सर्वोच्च चषक जिंकला. आपण वाट पाडली याचा त्याला पुढे अभिमान वाटला असेल, अशी आपली समजूत. तसे नव्हते. स्वर्गात जाण्यासाठीही अशीच पहिली वाट पाडावी लागणार असेल तर मला स्वर्ग नको, अशा अर्थाचे तो बोलून गेला आहे. पहिलेपणाचा हा कडवटपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. सत्कारात आपल्याला पहिला म्हणून पुढे बसवतात, आणि पहिल्याने काय गिळले ते विचारायला कोणी येत नाही.

त्याच्या शरीराची कथा मैदानाच्याही आधी सुरू होते. हबर्ट स्टोविट्स या चित्रकाराने अमेरिकन खेळाडूंची नग्न चित्रे काढली, त्यांत स्ट्रोड होता. ती चित्रे १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये मांडली गेली, आणि त्यांत काळे आणि ज्यू खेळाडू आहेत म्हणून नाझींनी प्रदर्शन बंद पाडले. म्हणजे त्याला कोणी ऐकण्यापूर्वी त्याला पाहिले गेले. फुटबॉलच्या जोडीला तो पैशासाठी व्यावसायिक कुस्ती करी. ही कुस्तीही तालमीतली नव्हे, प्रेक्षकांसाठी मांडलेली. चित्रपटांत त्याला बोलावले तेही या शरीरासाठीच. सहा फूट चार इंच उंची, तासलेला चेहरा, पुढे कायमचे गुळगुळीत केलेले डोके. सुरुवातीच्या जंगलपटांत तो कधी टोळीवाला, कधी योद्धा. 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६) मध्ये इथिओपियाचा राजा. नंतर कोमांची नायक, मंगोल लढवय्या. गोरा नसलेला कोणीही हवा असला की स्ट्रोडला बोलवा, असा तो हिशेब होता. गोऱ्या नटाला स्वभाव दिला जाई, याला वंश दिला जाई. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे स्नेहसंमेलनाचा मांडव घालायला आमच्या वसतिगृहातील मुले हमखास आठवत; वक्तृत्वाची यादी करताना मात्र ती आठवत नसत. हा हिशेब ओळखीचा आहे.

आणि या हिशेबातूनच १९६० साल उजाडले. त्या एका वर्षात या माणसाने दोन भूमिका केल्या. त्या दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पहिली 'स्पार्टाकस'मधील ड्राबाची. रोमन साम्राज्यात गुलामांना झुंजीचे शिक्षण देणारी शाळा आहे. स्पार्टाकस तेथे नवा आलेला. तो ड्राबाला नाव विचारतो. ड्राबा म्हणतो की तुला माझे नाव कळू नये आणि मला तुझे, कारण उद्या आपल्याला एकमेकांना मारावे लागेल. पुढे रोमहून क्रॅसस हा सत्ताधारी आपल्या मंडळींसह येतो. बरोबरच्या स्त्रियांना मरेपर्यंतची झुंज पाहायची आहे. त्या गुलामांची निवड करतात, बाजारात जनावर निवडावे तशी. स्पार्टाकस आणि ड्राबा यांची जोडी लागते. एकाच्या हाती आखूड तलवार, दुसऱ्याच्या हाती जाळे आणि तीन टोकांचा भाला. ड्राबा जिंकतो. स्पार्टाकसच्या गळ्यावर भाल्याची टोके टेकलेली आहेत. वरून खूण होते : मार. ड्राबा क्षणभर थांबतो. मग तो वळतो आणि भाला सज्ज्याकडे फेकतो, जेथे ते बसले आहेत तेथे. भाल्यामागोमाग स्वतः वर चढू लागतो. पाठीत पहारेकऱ्याचा भाला बसतो, आणि क्रॅसस स्वतःच्या हाताने त्याची मान चिरतो. प्रेत गुलामांच्या राहण्याच्या जागेत उलटे टांगून ठेवले जाते.

संबंध भूमिका काही मिनिटांची आहे. बोलणे मूठभर. पण 'स्पार्टाकस' पाहिलेल्याला दुसरे काही आठवो न आठवो, हे आठवते. प्रस्थापित समीक्षक त्याला प्रसंगाची ताकद म्हणतील. मला ती विचाराची ताकद वाटते. खाली दोघे आहेत, वर एक सज्जा आहे. सज्ज्याचे राज्य टिकते ते खालचे दोघे एकमेकांवर तुटून पडतात म्हणून. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले त्यातील मर्म हेच की, प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवलेला असतो आणि त्यामुळे वर पाहण्याचे राहून जाते. गावकीतील मानासाठी, वाजंत्रीच्या हक्कासाठी, मेलेल्या ढोरासाठी महार आणि मांग एकमेकांची डोकी फोडत होते तेव्हा पाटलाच्या ओट्यावर बसून ते कोण पाहत होते? ड्राबाने पाहणाऱ्यांना पाहिले. नकार नकार म्हणून आपण ज्याची चर्चा करतो तो नुसता मारण्याला नकार नव्हे. शस्त्राची दिशा बदलणे हा त्याचा दुसरा आणि अवघड भाग आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. काळा मरतो आणि त्याच्या मरणावर गोऱ्या नायकाचे बंड उभे राहते. पुढचे अडीच तास कर्क डग्लसचे आहेत. बलिदान याचे, नेतृत्व त्याचे. चळवळीच्या इतिहासात हे गणित आपण पुष्कळदा सोसले आहे. तरीही मी म्हणेन की या चित्रपटात पहिला बंडखोर स्पार्टाकस नव्हे. संहिताकार डाल्टन ट्रम्बो हा स्वतः साम्यवादी ठरवून तुरुंगात आणि काळ्या यादीत टाकलेला लेखक होता. बंड कोठे सुरू होते हे त्याला माहीत असावे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. अंधारात बसून पाहणारा प्रेक्षक त्या क्षणी सज्ज्यातला होतो. हे दोन चित्रपट एकमेकांना ओळखत असतील असे नाही, पण दगड आणि भाला एकाच दिशेला गेले आहेत.

दुसरी भूमिका जॉन फोर्ड यांच्या 'सार्जंट रटलेज'मधील. हॉलिवूडच्या मोठ्या दिग्दर्शकाच्या वेस्टर्न चित्रपटात काळा माणूस नायक, ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. चित्रपटाचे नावच त्याच्या भूमिकेचे, तरी नामावलीत स्ट्रोड जेफ्री हंटर आणि कॉन्स्टन्स टॉवर्स यांच्या खाली आहे. काळ १८८१ चा. नवव्या घोडदळात काळे सैनिक आहेत, अधिकारी गोरे. रटलेजवर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार करून तिचा आणि तिच्या बापाचा खून केल्याचा आरोप आहे. तो पळतो, पण आपली तुकडी अपाची टोळीच्या दबक्यात सापडणार हे दिसताच परत येतो आणि तिला वाचवतो. सैनिकी न्यायालयात त्याला विचारतात, सुटला होतास तर परत का आलास? ते उत्तर त्या चित्रपटाचा गाभा आहे. घोडदळ हेच माझे घर, तेथेच मला स्वाभिमान मिळाला, मी पळून जाणारा गुलाम नव्हे, मी माणूस आहे, असा त्याचा आशय. स्ट्रोड हे बोलतो तेव्हा त्याचा आवाज फाटतो. इतकी वर्षे ज्याला फक्त पाहिले होते त्याला त्या दिवशी प्रथम ऐकावे लागले.

स्ट्रोडला ही भूमिका सर्वांत प्रिय होती. घोड्यावरून नदी पार करतानाच्या प्रसंगाविषयी तो सांगे की आपण साऱ्या काळ्या वंशाला त्या नदीपार नेले. तो अभिमान मी हलका करणार नाही. पण समीक्षकाला नटाच्या अभिमानापाशी थांबता येत नाही. प्रश्न असा की रटलेजचे माणूसपण सिद्ध कसे होते? तो निर्दोष आहे एवढ्याने ते होत नाही. त्याने परत येऊन गोऱ्यांच्या सैन्यासाठी जीव धोक्यात घातला म्हणून होते. आपल्याकडे आदल्याच वर्षी 'सुजाता' (१९५९) आला होता. अस्पृश्य घरातली सुजाता सवर्ण घरात वाढते, पण मुलगी म्हणून स्वीकारली जाते ती त्या घरच्या आईला रक्त दिल्यावर. त्याआधीच्या 'अछूत कन्ये'ला (१९३६) तर रेल्वेखालीच जावे लागले. गोऱ्याला, सवर्णाला जन्मतः मिळते ते आपण रक्त देऊन विकत घ्यायचे, ही अट सहृदय दिग्दर्शकही घालतात. किंबहुना सहृदय दिग्दर्शकच घालतात. दुष्टाला अटीची गरजच नसते.

सैन्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कोरेगावचा स्तंभ आपल्या अस्मितेचा भाग आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांनी तेथे अभिवादन केले. त्यांचे वडील सुभेदार होते. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या लोकांनी अर्ज केले, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. कंपनीसाठी लढलात असे कोणी हिणवले तर आपले उत्तर तयार आहे : ज्यांनी शस्त्र, शाळा आणि सावली नाकारली त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. रटलेज न्यायालयात जवळजवळ हेच सांगतो, म्हणून ते बोलणे आपल्या काळजाला भिडते. पण एक भेद ठेवलाच पाहिजे. कोरेगावला समोर पेशवाई होती. रटलेजसमोर अपाची आहेत, ज्यांची जमीनच हिरावली जात आहे. फोर्डच्या चित्रपटात त्या अपाचींना चेहरा नाही. ड्राबाने खालच्याला मारण्याचे नाकारले. रटलेजला तोच रस्ता माणूसपणाचा म्हणून दाखवला आहे. एकाच वर्षी, एकाच शरीराने. वरकडी अशी की पुढच्याच वर्षी फोर्डने आपल्या 'टू रोड टुगेदर'मध्ये याच स्ट्रोडला कोमांची केले.

'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मधील पॉम्पी ही भूमिका वरवर पाहता माघार आहे. रटलेजनंतर पुन्हा गडी. टॉम डोनिफन या जमीनवाल्याचा हा विश्वासू माणूस, मालकाला जळत्या घरातून बाहेर काढणारा. पण या चित्रपटात एक शाळा आहे. जेम्स स्ट्युअर्टने केलेला वकील गावातील मोठ्यांना आणि मुलांना लिहायला-वाचायला शिकवतो आहे. भिंतीवर लिंकनचे चित्र. पॉम्पी उभा राहून अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणू लागतो आणि नेमका सर्व माणसे समान आहेत या ठिकाणी अडखळतो. मास्तर वाक्य पुरे करतो आणि म्हणतो की हरकत नाही, तेवढा भाग पुष्कळ जण विसरतात. वर्गात हशा होण्यासारखा हा संवाद आहे. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवला तेव्हा हशा झालाही. मग मालक येतो, कामाचे काय झाले म्हणून दटावतो आणि पॉम्पी शाळेतून उठून जातो. तेव्हा मागच्या बाकावरील कोणी हसले नाही. पुढे गावात निवडणूक होते; मतदान आत चालले आहे, पॉम्पी बाहेर पायरीवर बंदूक घेऊन बसला आहे.

फोर्डला काय म्हणायचे होते याविषयी अमेरिकन समीक्षकांत वाद आहेत. मला ते फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. स्ट्रोड त्या शाळेत ज्या तऱ्हेने उभा राहतो ते पाहावे. सत्तेचाळीस वर्षांचा, सव्वासहा फुटी माणूस. टोपी हातात, खांदे किंचित आत घेतलेले, शब्द चुकू नये म्हणून नजर एका जागी खिळवलेली. ज्या शरीराने अंगावर येणाऱ्यांना मैदानात आडवे पाडले, ते शरीर एका वाक्यापुढे भितरे झाले आहे. साक्षरतेच्या रात्रवर्गात आपला बाप पहिल्यांदा पाटीसमोर बसलेला ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही ठेवण परकी वाटणार नाही. अभिनय त्याला शिकवलेला नव्हता, असे त्याच्याविषयी म्हणत. हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

यानंतर 'द प्रोफेशनल्स' (१९६६), आणि सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८). या दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभी ओसाड स्थानकावर तिघे मारेकरी गाडीची वाट पाहतात. स्ट्रोडच्या डोक्यावर टाकीतले पाणी ठिबकते, तो टोपी घालतो आणि शेवटी टोपीत साचलेले पाणी पिऊन टाकतो. मग गाडी येते, तो मरतो. चित्रपटशास्त्राचे विद्यार्थी या प्रसंगावर पाने भरतात. मला तो देखणा वाटतो, त्यापलीकडे काही नाही.

त्याच वर्षी इटलीत व्हालेरिओ झुर्लिनीने केलेला चित्रपट मात्र आपल्याकडे कोणी पाहिलेला दिसत नाही. इंग्रजीत तो 'ब्लॅक जीझस' या नावाने आला. मॉरिस लालुबी नावाचा आफ्रिकन नेता पकडला जातो, छळून मारला जातो. हे पात्र पॅट्रिस लुमुंबांवर बेतले आहे, ज्यांची हत्या १७ जानेवारी १९६१ ला झाली. इतकी वर्षे टोळीवाला, राजा, गुलाम म्हणून जी आफ्रिका स्ट्रोडने दाखवली होती, तिचा राजकीय पुढारी व्हायला त्याला अमेरिका सोडून इटलीत जावे लागले. चित्रपटात दोष आहेत. लुमुंबांच्या राजकारणापेक्षा ख्रिस्ताचा क्रूस झुर्लिनीला जास्त मोहवतो. शोषिताला नेता म्हणून पाहण्यापेक्षा संत म्हणून पाहणे सोयीचे असते. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून त्यांचे ग्रंथ बंद ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण येथे स्ट्रोड पहिल्यांदाच विचार करणाऱ्याच्या भूमिकेत आहे, आणि मार खाण्याच्या प्रसंगांतही त्याचे शरीर नव्हे तर त्याचे ऐकणे लक्षात राहते.

स्ट्रोडच्या आधी पॉल रोबसन झाला. तोही १९२१-२२ मध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळला, कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली, गायक आणि नट झाला, १९४२ नंतर हॉलिवूडच्या साच्यात बसायचे नाही म्हणून चित्रपट सोडला आणि १९५० मध्ये सरकारने त्याचे पारपत्र काढून घेतले. त्याच्यावर स्वतंत्र लेख हवा. नंतर जिम ब्राउन आला. क्लीव्हलँडकडून नऊ हंगाम, त्यांतील आठांत सर्वाधिक धावेचा विक्रम. १९६६ मध्ये 'द डर्टी डझन'च्या चित्रीकरणाला उशीर झाला म्हणून मालकाने दंडाची धमकी दिली तेव्हा तिसाव्या वर्षी त्याने खेळच सोडला. मालकाला असे उत्तर स्ट्रोडला कधी देता आले नव्हते. ब्राउनने काळ्यांच्या उद्योगांसाठी संघटना काढली, १९६७ मध्ये सैन्यभरती नाकारणाऱ्या महंमद अलीच्या पाठीशी क्लीव्हलँडला खेळाडूंची बैठक घेतली. पडद्यावर तो मारतो, प्रेम करतो, जिवंत राहतो. 'थ्री द हार्ड वे' (१९७४) मध्ये गोरे वंशवादी तीन शहरांच्या पाण्यात फक्त काळ्यांना मारणारे विष कालवायला निघतात आणि ब्राउन व त्याचे दोन साथी त्यांना अडवतात. कथा बाष्कळ आहे. पण पाणी आणि वंश ही जोडी मराठी वाचकाला बाष्कळ वाटणार नाही. या माणसाच्या हिशेबात दुसरी बाजूही आहे. स्त्रियांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर वारंवार झाले, आणि १९९९ मध्ये पत्नीची मोटार फोडल्याबद्दल तो दोषी ठरला; समुपदेशन नाकारून २००२ मध्ये त्याने तुरुंग पत्करला. त्याचे मोठेपण सांगणारे आपले कार्यकर्ते हे वाक्य गाळतात. ते गाळू नये. ज्या चित्रपटांनी काळ्या पुरुषाच्या ताकदीला टाळ्या मिळवल्या त्यांत काळी स्त्री बहुतेक वेळा त्या ताकदीचे बक्षीस म्हणूनच आली आहे, आणि स्ट्रोडच्या चांगल्या भूमिकांतही ती जवळपास नाहीच. ड्राबाला कोणी बहीण होती की नाही हे चित्रपटाला माहीत नाही.

आपल्यातील काही मित्र म्हणतात की हे सगळे गोऱ्या दिग्दर्शकांचे, गोऱ्या भांडवलाचे चित्रपट; त्यांत नटाने काय केले याला अर्थ नाही. स्वतःचा कॅमेरा आल्याशिवाय बोलू नये. स्वतःचा कॅमेरा हवा याबद्दल वादच नाही, आणि मंजुळे, पा. रंजित यांच्यामुळे तो येऊ लागला आहे. पण दुसऱ्याच्या संहितेत उभ्या राहिलेल्या माणसाने तिच्या फटीतून जे आत आणले ते टाकून द्यायचे, तर आपल्याच तमाशातील वगनाट्ये आणि जलसे यांचेही बरेचसे टाकावे लागेल. पाटलाच्या सुपारीवर आलेल्या फडात सोंगाड्या पाटलालाच टोमणा मारी. तो टोमणा संहितेत लिहिलेला नसे.

मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) हा नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉल खेळणाऱ्या पोरांवरचा चित्रपट. हा फुटबॉल आपला, गोल चेंडूचा. त्यात अमिताभ बच्चन प्रशिक्षक आहे, आणि वस्तीतून निवडलेली पोरे पहिल्यांदा पडद्यावर आली. समीक्षणांत बच्चनविषयी पुष्कळ छापून आले. त्या पोरांपैकी कोणाला पुढे कसल्या भूमिका देऊ केल्या जातात, ही यादी कोणी तरी ठेवायला हवी : गुंड किती, घरगडी किती, आणि मास्तर, वकील, डॉक्टर किती. स्ट्रोड ३१ डिसेंबर १९९४ ला वारला. त्याचा 'द क्विक अँड द डेड' हा शेवटचा चित्रपट मरणानंतर, १९९५ मध्ये आला. त्यात ऐंशी वर्षांच्या त्या माणसाला काम होते शवपेट्या करणाऱ्याचे.